जॉबर, बदली आणि तिसरा साचा: गिरणगावाने शिकवलेला भरतीचा धडा

लोकलमध्ये दांड्याला लटकून ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, किंवा ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर. माझे "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा विषय आहे नोकरी. म्हणजे बघा, पॉडकास्ट हा माझा रात्रीचा उद्योग. दिवसा मी एका कंपनीत भरतीचं काम करतो. त्यामुळे दोन वाक्यं माझ्या कानावर सतत पडतात. मुलाखतीला आलेला उमेदवार हळूच विचारतो, "आत कुणी ओळखीचं असेल तरच होतं ना?" आणि कामाला लागलेला माणूस सहा महिन्यांनी म्हणतो, "दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात मारलंय." आपण या दोन वेगळ्या तक्रारी धरतो. पहिली भरतीची, दुसरी कामाच्या बोजाची. पहिली ऐकायला एक माणूस, दुसरी ऐकायला दुसरा.

पण मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास वाचायला लागलो आणि लक्षात आलं की तिथे या दोन्ही तक्रारी एकाच दोरीची दोन टोकं होती. ज्याच्या हातात तुम्हाला कामावर घेणं होतं, त्याच्याच हातात तुमच्यावर किती काम टाकायचं हेही होतं. आणि यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. ते लिहून घ्यायला कामगारांना पन्नास-साठ वर्षं लागली. आज त्याचीच गोष्ट.

गेटवरचा माणूस

सुरुवात थोडक्यात. कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. ताडदेवची ही गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडलं. १९२० च्या दशकात या गिरण्यांमध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं राबत होती. त्यातली खूपशी रत्नागिरीकडची, मग सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर. काही उत्तरेतून आलेली.

आता प्रश्न असा की एवढी माणसं कामावर घेत कोण होतं? मालक? नाही. मॅनेजर? तोही नाही. मॅनेजर आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी अनेकदा पारशी किंवा इंग्रज. त्यांना चिपळूणकडून आलेला पोरगा कोण, त्याला काय येतं, तो टिकेल का, यातलं काही कळत नसे आणि कळून घ्यायची गरजही वाटत नसे. ते सगळं एका माणसावर सोपवलेलं होतं. त्याचं नाव जॉबर. कुणी मुकादम म्हणायचं. बायका ज्या खात्यांत काम करायच्या, वायंडिंग आणि रीलिंग, तिथे त्यांच्यावर एक बाई असायची, तिला नायकीण म्हणत.

जॉबर काय करायचा ते नीट ऐका, कारण सगळी मेख इथेच आहे. तो माणसं आणायचा. कामावर घ्यायचा. काम शिकवायचा. कुणाला कुठलं यंत्र द्यायचं ते ठरवायचा. यंत्र बिघडलं तर बऱ्याचदा तोच हात लावायचा. रजा द्यायची की नाही हे तो सांगायचा. आणि काढून टाकायचं असेल तर काढूनही तोच टाकायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर भरती, ट्रेनिंग, टीम लीड, रजेची मंजुरी आणि नारळ देणं, सगळं एका खिशात.

आणि गोष्ट गेटच्या आत संपत नव्हती. जॉबर कर्ज द्यायचा, किंवा सावकाराकडे जामीन राहायचा. राहायला खोली मिळवून द्यायचा. कधी खाणावळ त्याच्या ओळखीची, कधी दुकान त्याच्या भावाचं. म्हणजे सकाळी ज्याच्यापुढे काम मागायला उभं राहायचं, संध्याकाळी त्याच्याच उधारीवर जेवायचं. मग कामावर घेतल्याबद्दल त्याचे हात ओले करावे लागत. त्याला शब्द होता दस्तुरी. ही लाच आहे असं कुणाला वाटतही नसे, इतकी ती अंगवळणी पडलेली.

थांबा, इथे जॉबरला एकदम खलनायक करून मोकळं होऊ नका. मीही आधी तेच करत होतो. पण विचार करा, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बोटीतून उतरतो. शहरात कुणी ओळखीचं नाही. गावचा एक माणूस आहे, जो म्हणतो, "चल, माझ्या खात्यात लावतो तुला." गावकीच्या खोलीत पाच-दहा जणांबरोबर वळकटी टाकायला जागा मिळते. हा आधार खरा होता. आणि जॉबरवरही दडपण होतं. खात्यात माणसं कमी पडली, उत्पादन घसरलं तर त्याचीही नोकरी जायची. कामगार नाराज झाले तर त्याच्यामागून निघून जायचे. काही जॉबर तर संपात कामगारांच्या पुढे उभे राहिले आहेत. म्हणजे माणूस वाईट असण्याचा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता एकाच माणसाच्या मर्जीवर सगळं उभं असण्याचा.

बदली: रोज नव्याने नोकरी

या मर्जीचा सगळ्यात मोठा फटका ज्यांना बसला ते म्हणजे बदली कामगार. बदली हा शब्द आपण आज सरकारी ट्रान्सफरसाठी वापरतो. गिरणगावात बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस.

कायम कामगार आजारी पडे, गावी शेतीला, शिमग्याला, गणपतीला जाई. त्याच्या यंत्रावर कुणीतरी हवं. म्हणून रोज पहाटे भोंगा व्हायच्या आधी गेटवर माणसांचा घोळका उभा राहायचा. जॉबर येऊन बोट दाखवायचा: तू, तू, आणि तू. बाकीचे घरी. उद्या पुन्हा हाच खेळ.

गिरण्यांना हे सोयीचं होतं. कापडाला मागणी आली की बदली आत घ्यायचे, उतरली की बाहेर. पगाराचा भार नाही, जबाबदारी नाही. आणि गेटबाहेर माणसं उभी आहेत म्हटल्यावर आतल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. "जमत नसेल तर सांग, बाहेर दहा जण उभे आहेत" हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंय का? मला वाटतं ऐकलं असेल.

इथे भरती आणि कामाचा बोजा एकमेकांना कसे चिकटतात ते दिसतं. ज्याला उद्या कामावर घेतील की नाही याची खात्री नाही, तो आज जास्त काम दिलं म्हणून कुरकुर करेल का? नाही करणार. आणि कायम माणूससुद्धा करणार नाही, कारण त्याला गेटबाहेरची गर्दी दिसते.

वर दंडाची तऱ्हा वेगळीच. विणताना कापडात खोट राहिली तर ते कापड विणकराच्याच माथी मारायचं आणि किंमत पगारातून कापायची. गैरहजेरीला शब्द होता खाडा, आजही आपण "एक खाडा झाला" म्हणतोच. तर काही गिरण्यांत एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत होती. त्याला डबल खाडा म्हणत. आणि पगार? महिना संपल्यावर दोन-दोन आठवडे उलटले तरी हातात नाही. मधल्या काळात सावकार आहेच, आणि सावकाराकडे जायला जामीन कोण, तर जॉबर.

रविवार कुठून आला

आता कामाच्या तासांकडे येऊ. सुरुवातीच्या गिरण्या सूर्याच्या घड्याळावर चालायच्या. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही जास्त. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात होतं काय? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम करून घ्यायचं नाही. पुन्हा वाचा. सात वर्षं. नऊ तास. आणि ही सुधारणा होती! मोठ्या माणसांबद्दल त्यात तासांची मर्यादाच नव्हती. या कायद्यामागे माणुसकीही होती, मुंबईच्या सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्याआधीच अशा कायद्याचा मसुदा करून पाहिला होता. पण त्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबावही होता. भारतात मजुरी स्वस्त आणि तास मोकाट, त्यामुळे आपला माल मागे पडेल, ही त्यांची काळजी. चांगला कायदा नेहमी चांगल्याच कारणासाठी येतो असं नाही.

मग या गोष्टीत नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. 'दीनबंधू' हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईतून चालवलं. गिरणीत त्यांनी स्वतः नोकरी केलेली, त्यामुळे आतली हालत ऐकीव नव्हती. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं.

मागण्या ऐका. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत काही मिळावं.

मला यातली पगाराची मागणी फार बोलकी वाटते. पंधरा तारखेपर्यंत द्या! महिन्याच्या शेवटी द्या असं नाही म्हणाले बिचारे. इतकीच अपेक्षा उरली होती.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या म्हणजे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. मुलांचं किमान वय नऊ झालं.

तुमची रविवारची झोप, ती अशी आलीय. कुणी कॅलेंडरवर छापून दिली म्हणून नाही.

पण गंमत बघा. मोठ्या पुरुषांचे तास अजूनही मोकाटच होते. तेवढ्यात गिरण्यांत विजेचे दिवे आले. आतापर्यंत अंधार पडला की काम थांबायचं, निसर्गच कामगारांचा पाठीराखा होता. दिव्यांनी तो आधार काढून घेतला. १९०५ च्या सुमाराला काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या आणि कामगारांचा संताप रस्त्यावर आला. नवं तंत्रज्ञान आलं की काम हलकं होईल असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा आधी दिवस लांबतो, मग त्याला आवर घालायचा कायदा मागून धावत येतो. तुमच्या फोनवर रात्री अकराला येणारा ऑफिसचा मेसेज, तो त्या दिव्याचाच नातेवाईक समजा.

कायद्याचं धावणं असं: १९११ साली कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा. १९२२ साली दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तास. १९३४ साली दिवसाला दहा, आठवड्याला चोपन्न. आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याला अठ्ठेचाळीस, तेच पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात राहिलं. साठवरून अठ्ठेचाळीसवर यायला चोवीस वर्षं.

दोन साचे की तीन?

तास मर्यादेत आले की बोजा कमी झाला, असं वाटतं ना? इथेच इतिहास आपल्याला एक चिमटा काढतो. तास कमी करा, पण त्या तासांत काम किती भरायचं हे मोकळंच ठेवलंत तर काय होईल?

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. जपानी माल स्वस्त येत होता, देशातच अहमदाबाद आणि इतर केंद्रं पुढे सरकत होती. खर्च कमी करायचा मार्ग म्हणून काही गिरण्यांनी, त्यात ससून गटाच्या गिरण्या आघाडीवर, एक योजना काढली. साध्या भाषेत योजना अशी: विणकर आजवर दोन माग चालवायचा, आता तीन चालवायचे. गिरणीच्या बोलीत मागाला साचा म्हणत, विणकामाचं खातं ते साचेखातं. सूतकताईत एक माणूस यंत्राची एक बाजू बघायचा, आता दोन बाजू बघायच्या. थोडा पगार वाढेल, पण माणसं कमी लागतील.

मालकांचं म्हणणं होतं, इंग्लंडात विणकर याहून जास्त माग चालवतात, मग तुम्हाला काय झालं? ऐकायला बरोबर वाटतं. पण विणकराचं उत्तर ऐका, आणि हे उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं वाटतं. कामाचा बोजा साच्यांच्या संख्येत नसतो, धागा किती वेळा तुटतो यात असतो.

म्हणजे बघा. कापूस चांगला वापरला, सूत मजबूत असलं, हवेत ओलावा नीट ठेवला, यंत्र दुरुस्त असलं, तर धागा कमी तुटतो. मग माणूस तीन काय, चार साचे बघेल. पण तेच जर हलका कापूस मिसळून सूत काढलं, यंत्राचा वेग वाढवला, तर धागा सारखा तुटणार. प्रत्येक वेळी साचा थांबवायचा, टोक शोधायचं, सांधायचं, पुन्हा सुरू करायचं. तोवर दुसरा साचा थांबलेला. अशा सुतावर दोन साचेसुद्धा जीव काढतात. वर विणकराला पगार कापडावर मिळायचा. धागा तुटला म्हणजे कष्टही वाढले आणि पैसेही गेले. कापूस निवडला मालकाने, पण त्याची भरपाई केली विणकराने.

हे तुमच्या कामाला लावून बघा. "दिवसाला चाळीस कॉल" हा आकडा काहीच सांगत नाही. कुठल्या ग्राहकाचे कॉल, किती वेळा सिस्टिम बंद पडते, आधीच्या माणसाने घोळ करून ठेवलाय का, यावर चाळीस म्हणजे खेळ की चाळीस म्हणजे छळ ते ठरतं. तक्त्यात साचे मोजले जातात. तुटलेले धागे कुणी मोजत नाही.

एप्रिल १९२८ मध्ये संप पसरला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार. याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांच्यासोबत अर्जुन आळवे, कासले असे गिरणीतून आलेले पुढारी होते. ना. म. जोशी संयुक्त संप समितीत होते. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने जादा साच्यांची कल्पना मुळात चूक मानली नाही, पण ती राबवायला परिस्थिती योग्य हवी ही अट त्यात आली. कामगारांचा पूर्ण विजय झाला नाही. पण एका माणसाने किती काम करावं यावर पहिल्यांदाच खुली चौकशी झाली, साक्षी झाल्या, कागदावर आलं. तोपर्यंत ते जॉबर आणि मॅनेजर यांच्यातलं बोलणं होतं.

ज्यांना साचेखात्यात प्रवेशच नव्हता

याच संपात एक प्रश्न पुढे आला, जो सांगितल्याशिवाय भरतीची गोष्ट अर्धवट राहील.

साचेखात्यात पगार बरा होता. पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण? धोट्यात नवीन बॉबिन घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावं लागे. मग तोच धोटा दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागणार. सवर्ण विणकरांना ते चालत नव्हतं. म्हणून एक अख्खा समाज कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडला. नियमाच्या पुस्तकात असं काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. जॉबर घेत नव्हता, बस्स.

१९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांची एकजूट मागता, तर मग आमच्या माणसांना साचेखातं बंद का, हा त्यांचा रोख. मालकांना विचारायचा तो प्रश्न होताच, पण सोबतच्या कामगारांनाही होता.

मी भरतीचं काम करतो, म्हणून हा भाग मला जास्त टोचतो. "आमच्या टीममध्ये बसेल का?" हा प्रश्न आम्ही फार सहज विचारतो. त्यामागे कधी कामाची गरज असते, कधी फक्त सवय. आणि सवय कुठे लिहिलेली नसली की तिला जाब विचारता येत नाही.

कार्ड आलं, मग पुढे?

१९२९ मध्ये सरकारने भारतातल्या कामगारांची स्थिती तपासायला रॉयल कमिशन नेमलं, त्याला व्हिटली कमिशन म्हणतात. १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात स्पष्ट शिफारस होती की माणसं घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या. त्यासाठी वेगळा लेबर ऑफिसर नेमा आणि तो थेट मॅनेजरला जबाबदार असू द्या. आज आपण ज्याला एचआर म्हणतो, त्याचा एक पूर्वज हा असा जन्माला आला. लाच थांबवण्यासाठी. हे आम्हा एचआरवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची योजना सुरू केली. दर महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक बदली कामगारांना कार्ड द्यायचं. कार्डवाल्याने रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकाम्या जागा कार्डवाल्यांमधूनच भरायच्या. जॉबरने आयत्या वेळी आपला माणूस घुसवायचा नाही. पाठोपाठ १९३६ चा पगाराचा कायदा आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या आत पगार. दंडाला मर्यादा, रुपयामागे अर्धा आणा. लोखंड्यांनी १८८४ मध्ये पंधरा तारीख मागितली होती. बावन्न वर्षांनी ती सात आणि दहावर आली, पण त्या मागणीचा कागद हातात धरणारे बहुतेक जण तोवर हयात नव्हते. लोखंडे स्वतः १८९७ मध्येच गेले.

मग सगळं छान झालं का? अर्थातच नाही. जॉबरचा हात आखडला, पण सुटला नाही. कुणाची शिफारस चालायची ती चालतच राहिली. आणि कार्डाने एक नवीन गोष्ट केली. बदली माणसाला लिखित ओळख मिळाली, पण ओळख मिळाली ती बदली म्हणूनच. महिन्याला किती दिवस काम मिळेल याची हमी नव्हती. अनेकांनी वर्षानुवर्षं बदली म्हणून काढली. रोजची अनिश्चितता जाऊन आयुष्यभराची वाट बघणं आलं.

म्हणून १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. कार्ड निघून सत्तेचाळीस वर्षं झाली होती. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. पुढे गिरण्याच एकेक करून बंद झाल्या. त्यावर एक वेगळा भाग करायचाय, म्हणून आज तिथे शिरत नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

मला यातून एक साधी गोष्ट दिसते. कामाच्या ठिकाणी जे जे सुधारलं, ते कुणाचं मन पालटलं म्हणून सुधारलं नाही. तोंडी असलेली गोष्ट कागदावर आली म्हणून सुधारलं. सुट्टी कधी, पगार कधी, दंड किती, तास किती, माणूस कोण घेणार. जिथे जिथे कागद आला तिथे निदान भांडायला जागा झाली. आणि जिथे कागद अर्धवट राहिला, बदलीच्या कार्डासारखा, तिथे तो अर्धवटपणा दोन-दोन पिढ्यांना पुरला.

तुम्ही आज ॲपवर ऑर्डर पोचवत असाल, कंत्राटावर डेटा एंट्री करत असाल, किंवा कॅम्पसमधून नुकतेच लागला असाल, तर जॉबर तुमच्यासमोर मिश्या पिळत उभा नसेल. कदाचित तो माणूसही नसेल, फोनमधलं गणित असेल. सकाळी ॲप उघडल्यावर आज काम येईल की नाही हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे कळत नसेल तर ते गेटवरचं बोटच आहे.

तेव्हा ऑफर हातात आली की पगाराच्या आकड्याच्या पलीकडे चार प्रश्न विचारा. मला घ्यायचं आणि काढायचं कोण ठरवतं? माझ्या हाती किती काम असेल, आणि ते कशात मोजलं जाईल? साचे मोजणार की तुटलेले धागेही मोजणार? वेळ संपली हे कोण सांगतं? आणि चौथा, यातलं किती लिहून मिळेल? असे प्रश्न विचारले म्हणून कुणी तोंड वाकडं केलं, तर तुम्हाला एक उत्तर तिथेच मिळालं.

आणि माझ्यासारखे जे टेबलाच्या पलीकडे बसतात, त्यांना एवढंच सांगतो की आपली खुर्ची ज्यासाठी निर्माण झाली ते काम अजून संपलेलं नाही.

चला, आजच्या भागात इतकंच. तुमच्या घरात, चाळीत, गावात कुणी गिरणीत काम केलेलं असेल तर त्यांना एकदा विचारा, "तुम्ही कामाला लागलात कसे? कुणी लावलं?" साल, खातं, जॉबरचं गाव, सगळं विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि रविवारी झोपा हो. ती सुट्टी मागून घेतलेली आहे.